बोटीवरचं ऑपरेशन थिएटर: हलत्या जमिनीवर हात स्थिर राहतो कसा?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी मिरजेत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर आहे, ११ वर्षं झाली. माहेर भिलवडी. समुद्राशी माझा संबंध म्हणाल तर लग्नानंतर एकदा गेटवेवरून लाँचमध्ये बसले होते तेवढाच.

माझा भाचा बारावीला आहे. त्याला नौदलात जायचंय, म्हणून सारखं जहाजांचं वाचत असतो. परवा त्यानं मला अमेरिकन नौदलाच्या ‘कोडी’ नावाच्या जहाजाबद्दल सांगितलं. ॲल्युमिनियमचं, दोन सांगाड्यांचं (दोन होड्या शेजारी जोडल्यासारखं), माणसं आणि गाड्या वाहून नेणारं वेगवान जहाज. वेग ३५ नॉट, म्हणजे ताशी ६५ किलोमीटरच्या घरात. आणि त्याच जहाजात शस्त्रक्रियेची सोय, अतिदक्षता, वॉर्डातल्या खाटा, थोडंफार एक्स-रे, लॅब आणि दातांचंही काम. तो वेगावर खूश होता. माझ्या डोक्यात मात्र ट्रॉली आली.

आमच्याकडे ओटीत कुणी टेबलाला नुसता गुडघा लावला तरी सर्जन वर बघतात. मी हत्यारांच्या मेयो ट्रॉलीवर आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी धरायचे चिमटे), निडल होल्डर, कात्र्या ओळीनं लावते, त्या ओळीवर माझा सगळा भरवसा असतो. न बघता हात तिथं जातो. जमीनच डोलत असेल तर ती ओळ टिकते कशी? बॉइल्सची, म्हणजे भूल द्यायच्या यंत्राची, चाकं कशी थांबवतात? सक्शनची बाटली? मॉपची (रक्त टिपायच्या कापडांची) मोजणी करताना कोपऱ्यातली बादलीच सरकली तर?

दुसरं म्हणजे, भाचा सांगतो की त्यांच्याकडे १००० खाटांची दोन अवाढव्य रुग्णालय-जहाजं आधीपासून आहेत. मग हे छोटं कशाला?

आणि हे सगळं मी का विचारतेय तेही सांगते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात माझ्या काकूचा हर्निया अडकला. पहाटे पोटात कळ आली, तेव्हा घराच्या पायरीला पाणी. गुऱ्हाळाची काहील आणून चुलत भावांनी तिला त्यात बसवलं आणि ढकलत उंचावरच्या रस्त्यापर्यंत नेलं. तिथून अंबी लोकांची (नावाड्यांची) होडी, मग ट्रॅक्टर, मग टेम्पो. एरवी तासाभराचा रस्ता, त्या दिवशी नऊ तास. मी इकडे ट्रॉली लावून बसलेली. पोट उघडलं तेव्हा आतडं काळं पडलेलं होतं, वीतभर काढावं लागलं. काकू वाचली, आज तिच्या हातच्या भाकरी खातो आम्ही. पण त्या नऊ तासांतले चार जरी कमी झाले असते तर ते आतडं कदाचित गरम पाण्याच्या मॉपनं शेकून परत गुलाबी झालं असतं. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे, म्हणून विसरता येत नाही.

जाणकारांनी सविस्तर सांगावं. तांत्रिक शब्द आले तरी चालतील.

निवृत्त चीफ, रहिमतपूर

ताई, तुमचा प्रश्न वाचून दोनदा उठून फेऱ्या मारल्या. मी नौदलात मेडिकल असिस्टंट होतो, चीफ पेटी ऑफिसर म्हणून बाहेर पडलो. मुंबईत ‘अश्विनी’ रुग्णालयात बरीच वर्षं, मधेमधे जहाजांवर. आमच्या पट्ट्यातली पोरं बहुतेक फौजेत जातात, मी एकटा पाण्याकडे गेलो. आता आल्याची शेती करतो.

‘कोडी’वर मी पाऊल ठेवलेलं नाही. पण हलत्या जमिनीवर काम केलेलं आहे, ते सांगतो.

पहिली गोष्ट, ३५ नॉट हा पोचण्याचा वेग आहे, कापण्याचा नाही. पेशंट टेबलावर घेतला की वैद्यकीय अधिकारी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात तिथं, कळवतो आणि कॅप्टन जहाजाचं तोंड असं धरतो की लाट आडवी न येता समोरून किंवा मागून यावी. वेग उतरवतो. माझ्या वेळी एका खलाशाचं बोट दोराच्या कप्पीत सापडलं होतं. शिवायला साधारण चाळीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ आमचं सगळं जहाज त्या एका बोटासाठी हळू चाललं होतं. ते मला अजून मोठं वाटतं.

दुसरं, जागा. जहाज सी-सॉच्या फळीसारखं असतं. टोकाला बसलेल्याला झोका जास्त, मधे बसलेल्याला कमी. म्हणून आजारी माणसांची जागा शक्यतो मध्यावर आणि खालच्या बाजूला निवडतात. तिसरं, चाकं नावाची वस्तू आमच्याकडे नुसत्या ब्रेकवर सोडत नाहीत. टेबल जमिनीला बोल्टनं पक्कं. बाकी प्रत्येक गोष्टीला लॅशिंग, म्हणजे पट्टा आणि कडी. ऑटोक्लेव्ह (हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) बोल्टनं, कपाटांना खिट्टी, फळ्यांना पुढून आडवी पट्टी, सिलिंडरला दोन ठिकाणी साखळी. पेशंटलाही छातीखाली आणि मांडीवर पट्टा. आणि माणसं पाय फाकवून उभी राहायला शिकतात. पहिले चार दिवस उलट्या होतात, पाचव्या दिवशी गुडघे आपोआप लाटेबरोबर वाकायला लागतात. हात स्थिर राहतो तो गुडघ्यामुळं.

आता १००० खाटांचं. ‘मर्सी’ आणि ‘कम्फर्ट’ ही ती दोन जहाजं. मुळात तेलवाहू होती, नंतर बदलून १९८६ आणि १९८७ मध्ये नौदलाकडे आली. लांबी २७२ मीटर, १२ ऑपरेशन थिएटरं. पण वेग १७ नॉटच्या आसपास आणि तळ पाण्याखाली जवळजवळ १० मीटर. एवढं खोल पाणी किती बंदरांत असतं? हैतीचा भूकंप १२ जानेवारी २०१० चा. ‘कम्फर्ट’ तिथं पोचलं २० तारखेला, आणि धक्क्याला न लागता समुद्रातच उभं राहिलं. पेशंट हेलिकॉप्टरनं आणि बोटींनी वर आणावे लागले. तिथल्या लोकांनी जीव तोडून काम केलं, त्याबद्दल दुमत नाही. पण तुमच्या काकूच्या हिशेबात बघा, आठ दिवस.

‘कोडी’ ज्या वर्गातलं आहे ती जहाजं १०३ मीटरची, पाण्याखाली ४ मीटरही नाहीत. या वर्गाची आधीची जहाजं निव्वळ वाहतुकीची. ६०० टनांच्या आसपास माल घेऊन १२०० सागरी मैल जायची, आत ३०० वर सैनिकांना बसायला खुर्च्या. ‘स्पीअरहेड’ हे पहिलं, २०१२ चं. त्यांवरून डॉक्टर मंडळी मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, पॅसिफिकच्या बेटांवर जायची, पण दवाखाना किनाऱ्यावर उतरून मांडायची. ‘कोडी’ चौदावं. २०२४ च्या जानेवारीत नौदलाच्या ताब्यात आलं आणि यात शस्त्रक्रियेची सोय जहाजाच्या पोटातच बसवली. वर मोठं हेलिकॉप्टर उतरतं, पंखे फिरवून विमानासारखं उडणारं ‘ऑस्प्रे’सुद्धा उतरतं, आणि बाजूनं छोट्या बोटी सोडता-घेता येतात.

यावर जी शस्त्रक्रिया करतात तिला डॅमेज कंट्रोल म्हणतात, तुम्हाला माहीत असेलच. रक्त थांबवा, फाटलेलं आतडं बांधा, घाण धुवा, पोट तात्पुरतं झाका, अंग गरम ठेवा आणि पुढं पाठवा. जोडाजोडी नंतर मोठ्या ठिकाणी. रक्ताच्या पिशव्या संपल्या तर जहाजावरचे लोकच रक्तपेढी. कुणाचा गट कुठला याची यादी आधीच तपासून ठेवलेली असते, घोषणा झाली की ते रांगेत येतात. आम्हीही अशी यादी ठेवायचो. मीच दोनदा दिलंय.

एक गोष्ट भाच्याला जरूर सांगा. हे जहाज करड्या रंगाचं आहे, पांढरं नाही. १९४९ च्या दुसऱ्या जिनिव्हा करारानुसार रुग्णालय-जहाज पांढरं रंगवावं लागतं, त्यावर मोठे लाल क्रॉस, नाव-गाव समोरच्या पक्षाला वापराच्या १० दिवस आधी कळवायचं. मग त्यावर हल्ला करता येत नाही. ‘कोडी’ सैन्य आणि सामानही वाहू शकतं, म्हणून त्याला ते संरक्षण नाही. ते जखमी माणसाच्या जवळ जाऊ शकतं, पण त्याची किंमत ही आहे.

आपल्याकडे वेगळा मार्ग आहे. २००४ च्या त्सुनामीत आपल्या नौदलानं समुद्राची मोजणी करणारी ‘निरूपक’ आणि ‘जमुना’ ही जहाजं रुग्णालयात बदलली. ‘निरूपक’ इंडोनेशियाला गेलं होतं, ‘जमुना’ श्रीलंकेला. शिवाय ‘जलाश्व’ आहे. त्यावर चार ऑपरेशन थिएटरं, १२ खाटांचा वॉर्ड, लॅब, दातांचा विभाग. मे २०२० मध्ये त्यानंच मालेहून ६९८ भारतीय कोचीला आणले, त्यात गरोदर बायाही होत्या. ‘जलाश्व’ म्हणजे अमेरिकेचं जुनं ‘ट्रेंटन’, २००७ मध्ये आपल्याकडे आलं. आणि ‘कोडी’च्या भावंडांपैकी एकाचं नाव पुन्हा ‘ट्रेंटन’ ठेवलंय.

तासगावचा इंजिनवाला

काकांनी वरच्या मजल्यावरचं सांगितलं, मी खालचं सांगतो. व्यापारी जहाजांवर इंजिनरूममध्ये आहे, सध्या सुट्टीवर घरी, बागेत छाटणीचं चाललंय.

ताई, तुम्ही काहिलीचा उल्लेख केलात. काहील पाण्यात गोल गोल फिरते आणि एका कडेला माणूस झुकला की कलते. पण दोन काहिली वासा टाकून शेजारी शेजारी बांधल्या तर? कलणार नाही. कॅटामरान म्हणजे तेच. शब्दही तमिळ आहे, ‘कट्टुमरम’, बांधलेली लाकडं. आपल्याच देशाच्या किनाऱ्यावरून जगभर गेलेला. सांगाडे दोन आणि अरुंद, म्हणून पाणी कापायला सोपे. मधली रुंदी मोठी, म्हणून आत गाड्या, कंटेनर, वॉर्ड काहीही मांडता येतं. ‘कोडी’च्या वर्गात ही रुंदी २८ मीटरच्या वर आहे.

खाली पाणी ढकलणारा पंखाच (प्रोपेलर) नाही. चार मोठी डिझेल इंजिनं चार वॉटरजेट फिरवतात. म्हणजे पाणी आत ओढायचं आणि मागं जोरात फेकायचं, द्राक्षबागेतल्या ब्लोअरसारखं, फक्त हवेऐवजी पाणी. सुकाणूही नाही, जेटचं तोंडच वळवतात. खाली लोंबणारा पंखा किंवा सुकाणू नसल्यामुळं उथळ पाण्यात जाता येतं आणि टग बोटीच्या (मोठ्या जहाजाला ओढणाऱ्या छोट्या बोटीच्या) मदतीशिवाय धक्क्याला लावता येतं. वादळानंतर बंदरातले टग बुडालेले असतात, तेव्हा ही गोष्ट सोन्यासारखी.

पण दोन सांगाड्यांचा स्वभाव समजून घ्या. एका सांगाड्याचं जड जहाज सावकाश डोलतं, म्हशीसारखं. कॅटामरान कलतं कमी, पण परत येतं झटक्यानं. खलाशाला चालतं, सुई धरलेल्या हाताला तो झटका जास्त वाईट. म्हणून पाण्याखाली हलते पंख बसवलेले असतात, ते लाटेप्रमाणं कोन बदलून धक्के कमी करतात. तरी समुद्र चढला की वेग उतरवावाच लागतो. ३५ नॉट शांत पाण्यातले. सुरुवातीच्या काही जहाजांचा पुढचा भाग लाटांच्या आपटण्यानं कमजोर ठरला होता, तो नंतर मजबूत करावा लागला. हे लपवण्यासारखं नाही, हलकेपणाची किंमत असते.

हलकेपणावरूनच खाटांचं उत्तर मिळतं. ॲल्युमिनियम वापरलं ते वजन वाचवायला. तेवढ्याच आकारमानाच्या पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं वजन. पण मग प्रत्येक टनाचा हिशोब लागतो. १००० खाटा म्हणजे त्यांचं पाणी, जेवण, ऑक्सिजन, कपडे धुण्याची यंत्रं, कर्मचारी. एवढं भरलं तर वेग गेला आणि जहाज खोलही बसलं. त्यात ॲल्युमिनियम आगीत लवकर मऊ पडतं, त्यासाठी इन्सुलेशनचं वजन वेगळं.

साधा हिशोब करून बघा. मुंबई ते कोची समुद्रमार्गे ६०० सागरी मैलांच्या आत. ३५ नॉटनं सतरा तास, १७ नॉटनं पस्तीस. रक्त वाहणाऱ्या माणसाला यातलं एकच उपयोगी, आणि खरं तर तेही उशिराचं. त्यामुळं जहाज आधीच जवळपास असणं हाच खरा मुद्दा.

डॉक्टर, कोयना खोरे

वर सगळं वाचलं. मी सुरुवातीची चार वर्षं शिवसागरच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) काठावरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. तापोळा, बामणोलीचा भाग ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. धरणानं जुने रस्ते पाण्याखाली गेले आणि पलीकडची गावं लाँचवर आली. गाड्या तराफ्यावरून जातात.

कृष्णाकाठची ताई, लाँचमध्ये मी एक बाळंतपण केलंय. पावसाळ्याची रात्र, इंजिनाचा आवाज इतका की नाडी बोटांनीच मोजायची, स्टेथोस्कोपचा उपयोग शून्य. आशाताईंनी टॉर्च दातात धरली होती. बाळ रडलं ते आधी दिसलं, ऐकू नंतर आलं. त्या रात्रीनंतर मी एक पेटी भरून लाँचवाल्या मामांच्या घरीच ठेवली. नाळ बांधायचे क्लॅम्प, ऑक्सिटोसिन (ते थंड ठेवावं लागतं, म्हणून ते तेवढं थर्मासात बर्फ घालून मी स्वतः न्यायचो), सलाईन, कोरडे टॉवेल, श्वास द्यायची अंबू बॅग. दर महिन्याला तारखा तपासायचो.

म्हणून मला वाटतं, तुमचा तिसरा प्रश्न, जो तुम्ही सरळ विचारलाच नाहीत, म्हणजे पुरात आपल्या पेशंटपर्यंत वेळेत कसं पोचायचं, त्याचं उत्तर जहाजात शोधू नका. कृष्णेत चार मीटर खोल बसणारं जहाज येणार नाही आणि आलं तरी सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जाणार नाही. आपल्याकडे चाकांवरचं उदाहरण आहे, लाइफलाइन एक्स्प्रेस. १९९१ पासून रुळांवर फिरणारं रुग्णालय, डब्यातच थिएटर. पण ती गाडी ऑपरेशन करते तेव्हा स्टेशनात उभी असते, आठवडेच्या आठवडे. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांसाठी उत्तम. पुरात रूळच पाण्याखाली.

पुराचं पाणी कुठवर येतं हे आपल्याला आता माहीत आहे. २००५, २०१९, २०२१ तीन वेळा बघितलं. कुठली गावं तुटतात, कुठला रस्ता शेवटपर्यंत उघडा राहतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तर पाणी चढायच्या आधी एक सर्जन, एक भूलतज्ज्ञ, एक ओटी सिस्टर आणि हत्यारांचे निर्जंतुक करून बांधलेले सेट त्या उंचावरच्या गावात नेऊन बसवणं, हे आपलं ‘कोडी’. इंजिनवाल्यांनी म्हटलंय तेच, आधीच जवळ असणं. मी हे जिल्ह्याच्या बैठकीत एकदा मांडलं होतं. पुन्हा मांडायला तयार आहे.

कृष्णाकाठची

डॉक्टर, तुमचं वाचताना डोळे भरून आले. त्या मामांच्या घरच्या पेटीमुळं.

चीफ काका, तुमचे गुडघे मी उद्याच भाच्याला दाखवणार आहे, म्हणजे ते पाय फाकवून उभं राहणं. आणि कॅप्टननं एका बोटासाठी जहाज हळू केलं ते काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मला ढकलताना पोरंबी अशीच चालली हुती, काहील हलू नये म्हणून.’

डॉक्टरांनी म्हटलेलं मी आमच्या मॅट्रनच्या कानावर घातलं. एक लॅपरोटॉमीचा (पोट उघडायचा) आणि एक सीझरचा सेट, दुहेरी कापडात बांधून, वर प्लास्टिकचं आवरण, झाकणाच्या पेटीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात तयार ठेवायचं ठरलंय. दर महिन्याला पुन्हा ऑटोक्लेव्ह करून तारीख घालायची, ते काम मी माझ्याकडे मागून घेतलंय. कुठल्या गावी ठेवायचं ते अजून नक्की नाही, मी अंकलखोपच्या बाजूचं सुचवलंय, पण तिथली उंच जागा कुठली हे अंबी लोकांना विचारल्याशिवाय ठरवणार नाही. त्यांना पाणी आमच्यापेक्षा कळतं.

काका, एकच राहिलं. ट्रॉलीवरची माझी ओळ. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा होडीतून उतरून लगेच काम करायचं झालं, टेबल डुगडुगतं असलं, तर हत्यारं सरकू नयेत म्हणून तुम्ही खाली काय घालत होता?

निवृत्त चीफ, रहिमतपूर

ताई, मेसमध्ये आम्ही टेबलावर ओलं कापड अंथरायचो, ताटं जागची हलत नाहीत. ओटीत ते करू नका.

कृष्णाकाठची

नाहीच करणार. ओल्या कापडातून खालचे जंतू वर येतात, सगळी ट्रॉली बाद. म्हणूनच विचारलं.

निवृत्त चीफ, रहिमतपूर

बरोबर. चुंबकाची रबरी चटई मिळते, ऑटोक्लेव्हमध्ये जाणारी. ती घ्या. ती नसेल तर उंच कडेचा ट्रे, आणि ओळीत फक्त लागणारी हत्यारं, बाकीची झाकून बाजूला. कमी हत्यारं, कमी घसरण. ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची वस्तू चुंबकाला धरत नाही, ती वेगळ्या वाटीत ठेवा. आणि सुया मोजायची पाटी भिंतीला नको, ट्रॉलीलाच बांधा.

अंकलखोपला जाल तेव्हा मला कळवा. रहिमतपूरहून यायला मला फार वेळ लागत नाही, आणि पट्टे-कड्या बांधायचं काम माझ्या हाताला अजून येतं.